सनद

आमच्या उदगीरच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर
चार फोटो आणि एक कागद.
मन्मथप्पा आजोबा: स्टुडिओवाल्यानं गालांना गुलाबी रंग दिलेला,
दिसतात थोडे नव्या नवरीसारखे.
काका, फौजेत निघाले त्याच्या आदल्या दिवशीचे.
बारकी आत्या, मागं रंगवलेलं तळं, तळ्यात दोन बदकं.
चौथा दादांच्या मास्तरांचा.
आणि मधोमध, काचेमागं, पिवळा पडलेला उर्दू कागद,
खाली गोल शिक्का, शाई फुटलेली.

सनद आहे ती, दादा सांगायचे.
निजामाच्या वक्ताची. मोठी कामगिरी केली होती अप्पांनी.
कसली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.
घरात कुणालाच वाचता येईना,
म्हणून तिचा मान जास्तच.
दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान तिला.
ताईला बघायला निलंग्याचे पाहुणे आले
तेव्हा चहाच्या आधी दादांनी तिच्याकडं बोट केलं.
पाहुण्यांनी माना हलवल्या, बराच वेळ.

आजीचा फोटो नाही.
फोटो काढला की आयुष्य उसवतं म्हणायची नागरबाई,
कॅमेरा दिसला की पदर ओढून आत.
मला ती आठवते ती पायांकडूनच,
पाय चेपायचं काम माझं होतं.
उजव्या घोट्यावर तीन आडवे वण, गुळगुळीत.
चुलीतलं लाकूड पडलं होतं, म्हणायची.
एवढंच.

यंदा चौकटीला वाळवी लागली.
चौबाऱ्यापाशी खाजामियाँच्या दुकानात नेली.
त्यांनी खिळे उपसले, कागद फुंकर मारून झटकला,
आणि आतल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या अब्बांकडं दिला.
अब्बांनी तो डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला.
"ये तो चालान है रे," म्हणाले. "सायकल का."
बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडं सरकत गेलं.
"रात का वखत... बत्ती नहीं...
पीछे एक औरत... जुर्माना आठ आने, हाली."

मला आधी हसू आलं.
मग दादांचं बोट आठवलं, निलंग्याचे पाहुणे आठवले,
आणि हसू तसंच राहिलं, कुठं ठेवावं कळेना.

रात्री अहमदपूरला महानंदा आत्याला फोन लावला.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
"माय कधी सायकलवर बसली असं तर ऐकलं नाही बाई."
थोडं थांबली.
"पण लाकूड घोट्याच्या आतल्या बाजूला कसं पडंल गं?
चाकाच्या तारा तशा लागतात."

कुठं निघाले होते दोघं, कंदील न घेता?
सासरच्या घरात दिवसा एकमेकांकडं न बघणारे दोघं.
जत्रा? दवाखाना? की उगाच,
तिला एकदा बसायचं होतं म्हणून?
शिपाई भेटला तेव्हा तिचा पाय चाकात होता की
त्याच्या शिट्टीनं ती दचकली आणि मग गेला?
कागद तेवढंच सांगतो, औरत. नाव नाही.
आत्याही म्हणाली, मायच असंल असं कुठं लिहिलंय?
आणि हसली, फार दिवसांनी.

दादांना सांगायचं की नाही, यात आठवडा गेला.
सांगितलं.
त्यांनी चष्मा पुसला, घालून कागद बघितला,
जणू आता वाचता येणार होतं.
"आठ आणे," म्हणाले. "त्या वक्ताला लई होते."
मग स्टूल आणायला सांगितलं.

फ्रेम आता आजोबांच्या फोटोला अगदी लागून आहे,
चौकटींचे कोपरे एकमेकांवर घासतात.
पाहुणे आले की दादा अजून सनदच म्हणतात.
फक्त बोट करत नाहीत.
आणि परवा झाडू मारताना मी पाहिलं,
गुलालाचं बोट काचेवर खाली टेकवलेलं,
जिथं अब्बांचं बोट थांबलं होतं, बरोबर तिथं नाही,
एक ओळ वर.